पानवेलीच्या कुंडीचं वजन

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला आहे. ऊस भरलेली ट्रॉली काट्यावर येते, तिचं वजन होतं. ती रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. या कामात डोकं फार लागत नाही, पण एक सवय मात्र लागते. वस्तू जड झाली तर तिच्यात काहीतरी आलेलं असतं आणि हलकी झाली तर तिच्यातून काहीतरी गेलेलं असतं. तिसरं काही होत नाही.

घरच्या कुंड्यांनाही मी याच हिशेबाने पाणी घालतो. माती वरून कोरडी दिसली की पाणी घाला, असं लोक सांगतात. आमच्या धाराशिवात माती वरून कोरडीच दिसते, तिला दुसरं काही दिसायला जमत नाही. म्हणून कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर नाही. मोठी कुंडी असेल तर दोरीच्या शिंक्यात घालून ताणकाट्याला टांगायची. त्यासाठी मागच्या दारी जिन्याच्या स्लॅबला मी एक हूक बसवून घेतला आहे. शेजाऱ्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटलं. अजूनही वाटतं, पण आता ते बोलत नाहीत.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, ते प्यायला. वापरायला बोअर आहे. बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीच्या कडेला आणि कुंडीतल्या मातीवर पांढरा थर धरतो. त्यामुळे वर्षाचा माझा क्रम ठरलेला आहे. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली पिंपं लावून पावसाचं पाणी धरायचं आणि ते नाजूक झाडांसाठी झाकून ठेवायचं. हिवाळ्यात आमच्याकडे कोरडा वारा सुटतो, तो माणसांना बरा वाटतो आणि झाडांना नाही. तेव्हा पाणी निम्मं करायचं, पण झाडं वाऱ्याच्या तोंडाला ठेवायची नाहीत. फाल्गुनापासून कुंड्या एकमेकींना चिकटवून पूर्वेच्या भिंतीला आणायच्या, मातीवर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्यायचा. मोगरा, कढीपत्ता, जास्वंद, कोरफड एवढी मंडळी या व्यवस्थेत वर्षानुवर्षं नीट आहेत. मी कधी त्यांच्याकडून जास्त मागितलं नाही.

या क्रमात पानवेल नव्हती. ती सासूबाईंबरोबर आली.

माझी बायको कोकणातली. आमच्याकडची मुलं शिक्षकाच्या नोकरीसाठी कोकणात जातात, ती उलटी इकडे आली. बेंबळीच्या बाजूला एका शाळेवर तिला नोकरी लागली, आमची ओळख झाली आणि लग्न झालं. आमचं घर लिंगायत. त्यांच्याकडे ताटात मासा नसेल तर जेवण झालं असं धरत नाहीत. दोन्हीकडच्यांनी आपापल्या परीने विरोध करून बघितला आणि थकल्यावर सोडून दिला. त्यानंतर माझी आई आणि सासूबाई लग्नकार्यातच भेटत, एकमेकींना विहीणबाई म्हणत, आणि आपापल्या बाजूच्या बायकांत जाऊन बसत. माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणतो, ती आमच्याजवळच राहते. तिचं माहेर उमरग्याकडचं, तिकडे घरोघर कन्नड चालतं.

सासरे वारल्यापासून सासूबाई गावी एकट्याच राहत होत्या. बायको एकुलती एक. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या सकाळी घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शेवाळावरून घसरल्या. मनगट मोडलं. उठता येईना, हाक कुणाच्या कानी जाईना, आणि दूध घालणारी बाई त्या दिवशी उशिरा आली. ती येईपर्यंत त्या ओल्या खळ्यात पडून होत्या. डॉक्टरांनी हाताला प्लॅस्टर घातलं आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. बायको त्यांना इकडे घेऊन आली.

"हात बरा होईपर्यंत," असं त्यांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं.

बरोबर एक बॅग होती आणि केळीच्या सोपटात गुंडाळून सुतळीने बांधलेली वीतभर लांबीची एक काडी. परसातल्या पानवेलीचा तो तुकडा होता. सासूबाईंना दुपारच्या जेवणानंतर एक पान लागतं, एकच. त्यांच्याकडे ती वेल पोफळीवर आपोआप चढते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही. आमच्याकडे बाजारात पान मिळतं, ते मी आणून दिलं. त्यांनी ते चावलं, बराच वेळ चावलं.

"तिखट आहे," त्या म्हणाल्या. "पण खाते."

त्यानंतर त्या ते रोज खात, आमच्याकडे बघत.

बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ती वेल जगली पाहिजे."

"आपल्या हवेत अवघड आहे."

"अवघड आहे ते मलाही कळतं. पण इथं तिचं असं काय आहे सांगा. भांडी तुमची, देव तुमचे, आमटी तुमची. काहीतरी तिच्या हाताखाली असलं तर राहील. नाहीतर वैशाखात घराची कौलं काढून परतायची आहेत म्हणून निघेल, आणि पुन्हा त्या खळ्यात एकटी. पुढच्या वेळी दूधवाली आणखी उशिरा आली तर?"

मी कुंडी काढली.

माती बघून सासूबाईंचा पहिला अभिप्राय आला. "अगो, ही माती आहे की सिमेंट?"

काळ्या मातीबद्दल आम्हाला कुणी असं बोललेलं खपत नाही. पण त्या म्हणत होत्या ते अगदीच चूक नव्हतं. काळी माती पाणी धरते ती सोडत नाही, आणि सुकली की भेगाळते. मी काळी माती तीनऐवजी दोनच भाग घेतली, एक भाग नदीची वाळू, एक भाग जुनं शेणखत घातलं. काडीची दोन पेरं मातीत दाबली, आणि वर एक पारदर्शक पिशवी उपडी घालून कडेने बांधली, म्हणजे आतली ओल आत राहील. कोकणची हवा पिशवीत भरून ठेवायची, अशी कल्पना होती.

अव्वा पूजा आटोपून आली आणि बघत उभी राहिली. "गुदमरून मारतोस व्हय तिला?"

"अव्वा, तिला दमट हवा लागते."

"मग तिकडंच ऱ्हायचं की तिनं."

हे वाक्य वेलीबद्दल होतं. सासूबाई बाजूलाच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं. म्हणाल्या, "माशाचं पाणी मिळालं असतं तर आठवड्यात फुटली असती." अव्वाने कानावर हात ठेवले. मग ते हात न काढताच विचारलं, "तुमच्या घरात झाडं बी मासं खात्यात व्हय?"

"खातात. म्हणून तर हिरवी असतात."

"हिरवी असतात ती पावसानं. आठ म्हैने वरून पडतंय. त्यात तुमचं काय?"

थंडीभर हे असं चाललं. वेल मात्र काहीच करत नव्हती. जी दोन पानं घेऊन आली होती ती गळून गेली. काडी हिरवी होती एवढंच. मी तिसऱ्या दिवशी अर्धा लिटर, तेही पिंपातलं पावसाचं पाणी, असा क्रम ठेवला. गाळप हंगाम जोरात होता, ढोकीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असे. मी घरी यायचो ते डोक्यात पाचट घेऊनच. आल्यावर पहिली कुंडी बघायची. सासूबाईंचं प्लॅस्टर निघालं. त्या हाताने चेंडू दाबायचा व्यायाम करत आणि कुंडीशेजारी बसत. कौलांबद्दल एकदा फोनवर बोलल्याचं बायकोने ऐकलं.

शिवरात्रीच्या सुमारास एका पेरातून कोंब आला. पिशवीच्या आत पहिलं पान उलगडलं, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. त्यानंतर तिने वेळ घालवला नाही. पिशवी काढावी लागली, मग काठी लावावी लागली. पाडव्याच्या आधी पानं खाण्याजोगी झाली.

पहिलं पान सासूबाईंनी तोडलं, ओल्या फडक्याने पुसलं, चुना लावला आणि मधोमध फाडलं. अर्धं अव्वापुढे धरलं. अव्वा पान खात नाही. तिने ते घेतलं, तोंडात टाकलं.

"कोवळं हाय," ती म्हणाली. "चवच न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा तिथेच बसलेली होती.

अव्वाचं एक म्हणणं मात्र सगळ्यांना पाळावं लागलं. तिच्या माहेरी पानमळा होता. पानमळ्यात चप्पल घालून जायचं नाही, हा नियम. वेल एक असली म्हणून काय झालं, मळा तो मळाच. त्यामुळे मागच्या दारी जिन्यापर्यंत अनवाणी जायचं. तिथे शहाबादी फरशी आहे. चैत्रातल्या दुपारी त्या फरशीवरून वेल बघायला जाणाऱ्याचा वेग बघण्यासारखा असे. सासूबाई मात्र सावकाश जायच्या. त्यांच्या मते आमचं ऊन म्हणजे नुसतं ऊन, त्याला घाम नाही, त्याचं काय घेऊन बसलात.

खरी परीक्षा आता होती. आमच्या उन्हाळ्यात पानवेलीला दोन गोष्टी मारतात, कोरडी हवा आणि पश्चिमेचा वारा. जिन्याखाली ऊन येत नव्हतं, वारा येत होता. मी पश्चिमेच्या बाजूला बांबूच्या चौकटीवर गोणपाट ताणलं आणि ते दिवसातून दोनदा ओलं करायचं ठरवलं. बोअरच्या पाण्याने, कारण गोणपाटाला क्षारांचं काही वाटत नाही. शिवाय बैठकीतला कूलर उचलून मागच्या दाराशी आणला आणि त्याचं तोंड वेलीकडे केलं. बैठकीत आम्ही पंख्याखाली बसू लागलो. पाहुणे आले की विचारत, कूलर बिघडला का? मी सांगे, नाही, चालू आहे. ते आणखी काही विचारत नसत.

मग वजन. पूर्ण भिजलेली कुंडी अठरा किलो भरायची. ती सोळापर्यंत उतरू द्यायची नाही. आमच्या उन्हात दिवसाला साधारण एक किलो उडावं, असा माझा अंदाज होता. म्हणून सकाळी वजन करून एक लिटर घालायचं. पहिले काही दिवस तसंच झालं. त्यानंतर वजन कमी व्हायचं थांबलं.

सकाळी सतरा, पाणी घातल्यावर अठरा. दुसऱ्या सकाळी सतरा भरायला हवेत तर साडेसतरा. तिसऱ्या दिवशी जवळजवळ अठराच.

मला याचा अर्थ लगेच कळला. गोणपाटाचा आडोसा आणि कूलर यांनी काम केलं होतं. पाणी उडतच नव्हतं. जिन्याखाली मी कोकण तयार केलं होतं. जेवताना मी तसं सांगितलंही.

"आता तिला पाणी घालायची गरजच उरलेली नाही," मी म्हणालो. "काटाच सांगतोय. मी सांगेपर्यंत कुणीही एक थेंब घालायचा नाही."

तिघींनी माझ्याकडे बघितलं. चैत्र संपत आला होता, बाहेर रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं, आणि घरातला कर्ता माणूस पानवेलीचं पाणी बंद करतो म्हणत होता. हे त्यांच्या बाजूने मला तेव्हा दिसलं नाही. मला अठरा हा आकडा दिसत होता.

"अव्वा, तीर्थाचं तेवढं चालेल," मी म्हणालो.

अव्वा रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करते. पूजेचं पाणी पायदळी येऊ द्यायचं नाही, म्हणून ते झाडाच्या मुळाशी सोडतात. पूर्वी ती जास्वंदीला सोडायची, कधीतरी तिने ते वेलीला सोडायला सुरुवात केली होती. ते पळीभर, फार तर वाटीभर. माझ्या हिशेबात ते मी आधीच धरलेलं होतं.

मी पाणी बंद केलं आणि कुंडी जड व्हायला लागली.

साडेअठरा. हे शक्य नव्हतं. पाणी न घालता कमी होत नाही, इथपर्यंत मी समजू शकत होतो. पाणी न घालता वाढतं, हे कुठल्याही हवामानात होत नाही. मी ताणकाटा तपासला. किराणा दुकानातून आणलेली पाच किलोची साखरेची पिशवी लावली, पाच भरले. कारखान्यावर ट्रॉलीचं वजन असं विनाकारण वाढलं की आम्ही उसात कुणी माणूस बसलाय का ते बघतो. कुंडीत तशी सोय नव्हती.

मी घरात विचारलं.

"मला शाळा आहे," बायको म्हणाली. उन्हाळी सुट्टी लागलेली होती.

"माझ्या हाताला तेवढंच काम हाय व्हय?" अव्वा म्हणाली. "सांगून ठेवते, ती वेल म्हंजे नसता ताप हाय. कूलर बी गेला घरातनं."

सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ना घालू नका म्हणून. मग कोण घालणार?"

प्रश्न विचारून उत्तर देण्याची ही रीत मला तेव्हाच खटकायला हवी होती.

वैशाखात पानं पिवळी पडू लागली. आधी खालची, मग मधली. शेंडा मान टाकायला लागला. दुपारी मान टाकलेलं झाड तहानलेलं असतं हे कुणीही सांगेल. माझ्याकडे तिघीही अशा बघत होत्या की मी कुणाचं तरी अन्न तोडलंय. मी काट्याकडे बघत होतो. काटा जवळजवळ एकोणीस दाखवत होता.

एके दिवशी सासूबाई कुंडीजवळून उठून आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "गाडीचं बघून ठेव गो. मिरगाच्या आधी कौलं परतायला हवीत."

"आई, कौलं दुसरं कुणी परतेल."

"परतेल. पण बघायला कुणीतरी नको का? आणि इथं मी काय करते? एक वेल होती, तिलाही इथलं मानवत नाही."

बायकोने फोन हातात घेतला आणि बराच वेळ त्यात बघत बसली. त्या दिवशी तिने गाडीचं बघितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिला पुढच्या रविवारची गाडी बघावी लागली.

अव्वाने हे सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "जाऊ द्या की. ज्याचं त्याचं घर." आणि ज्वारी निवडायला बसली. तिने ती आदल्या दिवशीच निवडलेली होती.

मला कुंडी उलटी करण्याशिवाय मार्ग दिसेना. जिवंत झाड कुंडीतून काढणं मला आवडत नाही. पण ट्रॉलीच्या वजनाची शंका आली की शेवटी ती रिकामीच करावी लागते. सकाळी, फरशी तापायच्या आत, मी गोणपाट पसरलं, चप्पल बाहेर काढली, कुंडी आडवी केली आणि बुडावर थापट्या मारून मातीचा गोळा बाहेर काढला.

वास आला. धाराशिवात तो वास कुठल्याच कुंडीला येत नाही. गटाराचा, पण थोडा गोडसर. माती काळी, चकचकीत, हाताने पिळली तर पाणी येईल अशी. खालची मुळं तपकिरी होऊन मऊ पडली होती, बोटात धरली की साल निघून हातात येत होती. पाणी जायचं भोक चिकट मातीने बंद झालेलं होतं.

तिघीही येऊन उभ्या होत्या.

"ही वेल पाण्याने मेली," मी म्हणालो.

यावर पहिल्यांदा बायको हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण आमच्या गल्लीत कुठलंही झाड पाण्याने मरू शकतं ही गोष्ट तिला सहन झाली नाही. मग तिने तोंडावर हात धरला आणि म्हणाली, "मी संध्याकाळी बाटली ओतायची. लहान. तुम्ही पाणी बंद केल्यापासून."

"बाटली किती?"

"अर्धा लिटर असेल. कधी दोन."

सासूबाई म्हणाल्या, "मग तुझ्यामुळे नाही गो. तांदूळ धुतलेलं पाणी मी घालत होते, दुपारी. आमच्याकडे वेलीला तेच घालतात. तिकडे खालची माती जांभ्याची, घातलेलं पाणी थांबतच नाही, कितीही घाला. माझ्याच हातानं गेली म्हणायची."

"तुमचं ते धुवण किती," अव्वा म्हणाली. "वाटीभर. उगं आपल्या अंगावर घेऊ नगा."

आम्ही तिच्याकडे बघितलं.

"तांब्या घालत हुते मी. तीर्थ सोडलं की वरनं एक तांब्या. हा सांगतोय पाणी बंद, म्हटलं ह्याला काट्याबिगर काय कळतंय. माझ्या माहेरच्या मळ्याला उन्हाळ्यात रोज पाणी लागायचं. मग दोन घालाया लागले."

"दोन तांबे?" मी विचारलं.

"भरून."

मनात बेरीज आपोआप झाली. ती मी बोलून दाखवली नाही.

सासूबाई अव्वाकडे बघत होत्या. "विहीणबाई, तुम्ही तर म्हणत होता ही वेल म्हणजे नसता ताप."

"म्हणत हुते की. म्हणायला काय जातंय?"

"मग घालत का होता?"

अव्वाने पदर सारखा केला. मातीच्या गोळ्याकडे बघत राहिली. "दुपारच्याला घरात कोण असतंय?" ती म्हणाली. "हा कारखान्यावर, ही शाळेत. भिंतीसंगं किती बोलायचं मान्सानं. वेल मेली तर तुमी जाणार हे सगळ्यांलाच ठावं हुतं."

कूलर चालूच होता. मी उठून तो बंद केला.

सासूबाई खाली बसल्या. मोडलेल्या मनगटाने त्यांना अजून नीट जोर देता येत नव्हता, म्हणून डाव्या हाताने त्यांनी वेल शेंड्याकडून चाचपत आणली. वरचं पान, पेर, पुन्हा पेर. एका जागी थांबल्या.

"इथपर्यंत हिरवी आहे," त्या म्हणाल्या. "सुरी द्या. आणि नुसती वाळू. ही तुमची माती मला दाखवूसुद्धा नका."

मी सुरी दिली. तीन तुकडे निघाले, प्रत्येकाला दोन पेरं. वाळूत लावले, भोकं मोठी केलेल्या तीन डब्यांत. पाणी किती घालायचं हे मी सांगायला लागलो तर सासूबाईंनी हात वर केला. पाण्याचं त्या बघतील, आणि अव्वाने तीर्थ जास्वंदीला सोडायचं, असं ठरलं. अव्वा म्हणाली, "जास्वंद बी मेली तर मला बोलायचं न्हाय."

"आई, रविवारच्या गाडीचं काय करू?" बायकोने विचारलं. आवाज साधा ठेवायचा तिने बराच प्रयत्न केला होता.

सासूबाई वाळू दाबत होत्या. "हे लागतं की नाही बघायला नको? असं टाकून जाता येतं का?"

"आणि कौलं?"

"कौलांना काय झालंय. तो शेजारचा परतेल, फोन करून सांगते. मी असताना तरी कुठं नीट परतायचा."

त्यांनी त्याच दुपारी फोन केला. कुठल्या बाजूची कौलं आधी काढायची, कुठलं गळतं, कुठल्या वाशाला हात लावायचा नाही, सगळं सविस्तर सांगितलं. अव्वा समोर बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "एवढी कौलं? आन् ती दर वर्षी काढून परत लावायची?" सासूबाईंनी व्हय म्हणून सांगितलं. त्या चक्क "व्हय" म्हणाल्या. "आमच्याकडं असतं तर कवाच पत्रा टाकला असता," अव्वा म्हणाली. त्यावरून दिवस मावळेपर्यंत वाद चालला.

तीनपैकी दोन तुकडे लागले. पाऊस सुरू झाल्यावर ते कुंडीत हलवले, यावेळी निम्मी वाळू घालून आणि तळाला विटांचे तुकडे देऊन. मी वजन अजूनही करतो, पण निष्कर्ष काढत नाही. पाऊस मध्येच ओढ देतो, तसा याही वर्षी दिला. तेव्हा सासूबाई पाणी घालायला तयार नव्हत्या, पावसाळ्यात झाडाला पाणी घालणं त्यांना लाजिरवाणं वाटतं. अव्वाने त्यांना आभाळ दाखवलं. "ह्याला पावसाळा म्हणत्यात आमच्याकडं. घाला पाणी."

परवा गावाहून शेजारणीचा व्हिडिओ कॉल आला. कौलं परतून झाली, कुठं थेंब नाही, सुपारी चांगली धरली आहे. तुम्ही कधी येताय, असं तिने विचारलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती, हातात पोळी लाटायचं लाटणं होतं.

"दिवाळीत येईन," सासूबाई म्हणाल्या. "चार दिवस. विहीणबाईंना घेऊन येते, त्यांना समुद्र बघायचा आहे."

"मी कवा म्हटलं?" अव्वा आतून म्हणाली. "तिकडं कापडं वाळत न्हाईत म्हणं."

"दिवाळीत वाळतात," सासूबाईंनी आत सांगितलं, आणि पुन्हा फोनकडे वळून म्हणाल्या, "चार दिवसच हं. जास्त राहता यायचं नाही. इथं मागं पाण्याचं बघणारं धड कुणी नाही."

बायको पोळ्या करायला परत गेली.